भिंत कुणाची, मान कुणाचा?

पत्राचा सारांश: दिंडोरी तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई चित्रकला शिक्षिका आहेत. नाशिकमधल्या एका शाळेत नोकरी, रोज जाऊन-येऊन. लग्न होऊन या गावात आल्याला नऊ वर्षं झाली. गाव तीनेक हजार वस्तीचं. मधे गावठाण, भोवती मळ्यांतली घरं, एका अंगाला बौद्ध वस्ती आणि पाटाच्या पलीकडे आदिवासी वस्ती. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीपासून गावात दोन तट पडलेत. गणपती दोन बसतात, लग्नाच्या पत्रिका वाटतानाही घरं गाळली जातात. बाईंचे सासरे सरपंचांच्या पॅनलमधले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी चार मित्र आणि शाळेतली मुलं जमवून गावातल्या अकरा भिंती रंगवल्या. शिवाजी महाराज, विठ्ठल, द्राक्षांचे घड, आणि देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लांबलचक वारली नाच. फोटो सगळीकडे फिरले, कौतुक झालं. मग पावसाळ्यात एका भिंतीवर रात्रीतून कुणीतरी जळकं ऑइल ओतलं. दुसऱ्या तटाचे लोक म्हणू लागले, ही सरपंचांची जाहिरातच होती. आणि आदिवासी वस्तीतल्या एका पोरानं बाईंना रस्त्यात थांबवून विचारलं, "मॅडम, आमच्याकडं एक पण भिंत सापडली नाही का?" आता सरपंचांना जानेवारीत मोठा कला महोत्सव करायचा आहे. स्टेज, लाइट, नाशिकहून कलाकार. एक संस्था दीड लाख द्यायला तयार आहे. बाई विचारतात: महोत्सवानं गाव जोडलं जाईल का? की हा नादच सोडून द्यावा? आमच्या लोकांना कलेची जाणच नाही, असं तर नाही ना?

ताई,

त्या पोराच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही लिहिलंय की त्याला "रंग संपला होता" असं सांगितलंत आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही. ऑइल ओतणाऱ्याचा विचार तुम्ही पत्रात दीड पान केलाय आणि या पोराचा चार ओळींत. मला वाटतं हे उलट व्हायला हवं होतं. त्याला भिंत हवी होती. म्हणजे तुमचं काम त्यानं बघितलं होतं, त्याला ते आवडलं होतं, आणि आपल्याला त्यात जागा नाही हे त्याला खुपलं. मग "आमच्या लोकांना कलेची जाण नाही" हे कुठून आलं? ज्याला जाण नसते तो विचारायला थांबत नाही.

आता त्या वारली नाचाबद्दल. रागावू नका, पण हे बोलायलाच हवं. तुम्ही लिहिता, "आदिवासी बांधवांचा सन्मान म्हणून मुद्दाम वारली काढली." तुमच्या पाटापलीकडच्या वस्तीतली घरं वारली आहेत का? हे तुम्ही पत्रात कुठं सांगितलेलं नाही, आणि मला शंका आहे की तुम्ही विचारलेलंच नाही. आपल्या जिल्ह्यात वारली आहेत, पण कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, भिल्ल आहेत. प्रत्येकाची देवं वेगळी, वाद्यं वेगळी. कोकणा माणसाला पावरी ऐकवा, त्याचे पाय आपोआप हलतील. त्याच्या भिंतीवर वारली नाच काढला तर तो त्याच्यासाठी शेजाऱ्याच्या घरचा फोटो झाला. आणि वारली चित्रसुद्धा मुळात लग्नघरातलं. तांदळाच्या पिठानं, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर, सवाशिणींनी काढायचा तो लग्नाचा चौक. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते लग्नघरातून बाहेर आणलं, रोजच्या जगण्यावर चित्रं काढली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण ते त्यांच्या स्वतःच्या घरातलं होतं, म्हणून बाहेर आणायचा हक्क त्यांचा होता. तुम्ही ज्यांचा सन्मान केलात त्यांना विचारलं नाहीत, आणि चित्र काढलंत तेही त्यांच्या वस्तीपासून लांब, देवळाच्या रस्त्यावर.

हे मी तुम्हाला दोषी धरायला सांगत नाही. तुम्ही सुट्टी घालवून, पदरमोड करून हे केलंत. पण भिंती कुठल्या, चित्रं कुठली, हात कुणाचे, हे सगळं चार मित्रांनी नाशिकला बसून ठरवलं. गावाच्या वाट्याला आलं ते बघणं. मला वाटतं सगळ्या गोष्टीची गाठ इथंच आहे.

तुमच्या गावापासून पश्चिमेला पेठ, सुरगाणा लांब नाही. तिकडचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव, कधी रात्रभर बसून बघितलाय का? नसेल तर येत्या उन्हाळ्यात जरूर जा. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-सनईवर एकेक सोंग नाचत येतं. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, देवी. मुखवटा जड असतो, सोंग घेणाऱ्याला धरायला दोन माणसं लागतात. पण बघायची गोष्ट वेगळीच आहे. कुठलं सोंग कुणाचं हे गावानं ठरवलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ते घराण्याकडे चालत आलेलं, काही ठिकाणी लिलाव बोलून घेतलेलं. रावण अमक्याच्या घरचा, म्हणजे त्याच्याच घरचा. तो मुखवटा रंगवणं, वर्षभर सांभाळणं, रात्री नाचवणं हे त्याचं काम आणि तोच त्याचा मान. त्या रात्री भांडणं होत नाहीत असं अजिबात नाही. सोंगाचा क्रम, वाजंत्री, मान, सगळ्यावरून होतात. तरी दुसऱ्या वर्षी बोहाडा होतोच, कारण आपण आलो नाही तर आपल्या घरचं सोंग निघणार नाही हे प्रत्येकाला माहीत असतं.

तुमच्या अकरा भिंतींपैकी कुठली भिंत अशी आहे की अमकं घर आलं नसतं तर ती झाली नसती? तुमच्या मित्रांना सोडून सांगा.

पत्रात आणखी एक वाक्य आहे: "आमचं गाव कधी एकत्र येतच नाही." ताई, हे खरं नाही. द्राक्षाच्या विरळणीला तुमच्या मळ्यात कोण येतं? पाटापलीकडच्या बायका. दोन्ही पॅनलच्या बागांत त्याच बायका जातात. सप्ताहात काल्याच्या दिवशी अख्खं गाव जेवतं. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ सगळे एकाच काट्यासमोर उभे राहतात. गावात माणसं एकमेकांना भेटत नाहीत ही अडचण शहरातल्या सोसायटीची. तुमच्या गावात माणसं एकमेकांना नको इतकी ओळखतात. ती भेटतात, पण एक मालक म्हणून आणि एक मजूर म्हणून. एक वाढणारा, एक पंगतीच्या टोकाला बसणारा. उणीव आहे ती अशा एखाद्या जागेची जिथं थोडा वेळ ही पायरी सरकेल, जिथं एरवी ज्याला कुणी विचारत नाही त्याला विचारावं लागेल. असं काम कलेतून उभं करता येतं. पण त्यासाठी काम तसं निवडावं लागतं. नुसतं "कला" म्हटल्यानं होत नाही.

काही वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यातल्या एका गावात आम्ही गोधडी शिवायला घेतली होती. प्रत्येक घरातून एक जुनं लुगडं किंवा साडी आणायची, आणि सगळ्यांची मिळून एक भलीमोठी गोधडी. शाळेच्या पडवीत पहिल्या दिवशी एकोणीस बायका आल्या. दोन घोळके, मधे सहा-सात हात मोकळी फरशी. मी छोटंसं भाषण केलं, आपण सगळ्या एकच वगैरे. कुणी जागची हलली नाही. मग थर अंथरले, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पुढचं त्या कामानंच केलं. गोधडी मोठी असली की चारी बाजूंनी ताणून धरावी लागते, नाहीतर खालच्या थराला चुण्या पडतात. टाका कडेकडून आत घ्यायचा, म्हणजे चारी अंगांना बायका बसाव्याच लागतात. दुपारपर्यंत ती मोकळी फरशी गोधडीखाली गेली होती. बौद्ध वस्तीतल्या एक आजी होत्या. त्यांचा धावदोरा मोजपट्टीनं आखल्यासारखा. त्यांनी शेजारी बसलेल्या पाटलांच्या धाकट्या सुनेचा टाका बघितला, काही न बोलता चार बोटं शिवण उसवली, आणि "बोट खाली धर, सुई कुठं येती ते बोटाला कळू दे" म्हणून सुई परत तिच्या हातात दिली. त्या घरात सुनेला शिकवायचा मान सासूचा. सुनेनं मान खाली घालून पुन्हा टाका घातला.

पण चहा आला तेव्हा वस्तीतल्या बायकांनी पिशवीतून आपापले पेले काढले. घरून आणलेले. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना सांगायची गरजही नव्हती. मी त्या वेळी काहीच बोलले नाही, आणि ते अजून टोचतं. तिसऱ्या दिवशी त्या धाकट्या सुनेनं घरून स्टीलचे वीस पेले आणले, सगळे सारखे, आणि किटली घेऊन स्वतः फिरली. आजींनी पेला घेतला. बाकी दोघी-तिघींनी पिशवीतलाच काढला.

गोधडी पुरी झाल्यावर ती ठेवायची कुणाकडे यावर मोठं भांडण झालं. अखेर ठरलं, गावात ज्या घरी बाळंतीण असेल तिथं सव्वा महिना राहील. पहिल्याच घरच्या सासूबाईंनी "कुणाकुणाच्या अंगावरचं काय माहीत" म्हणून ती दारातून परत पाठवली. मग ती दुसऱ्या घरी गेली, तिसऱ्या घरी गेली. पुढच्या वर्षी त्याच सासूबाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा त्यांचाच निरोप आला, "ती गोधडी कुठंय आता?" त्या गावात आजही दोन तट आहेत. गोधडीनं तट मिटवले नाहीत. पण ती फिरते.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही "गाव जोडलं गेलं" हे कसं ओळखणार, याचा विचार करून ठेवा. मतदान एकमतानं होईल, एकच गणपती बसेल, अशी मापं ठेवलीत तर तुम्ही निराशच व्हाल. सुई कुणी कुणाच्या हातात दिली, पेला कुणी घेतला, निरोप कुणाचा आला, इतक्या बारीक ठिकाणी बघावं लागतं.

आता जानेवारीच्या महोत्सवाचं. माझं मत सांगते: या जानेवारीत तो करू नका. जानेवारीत तुमच्याकडे द्राक्षांचा माल निघायला लागलेला असतो, उन्हाळ कांद्याची लागण चाललेली असते, व्यापारी दारात असतो. ज्यांना तुम्हाला आणायचंय त्यांना त्या महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. येतील ते मोकळे असलेले, म्हणजे पुन्हा तेच. शिवाय स्टेज आलं की पहिली रांग येते, पहिली रांग आली की खुर्च्या येतात, आणि खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण हे दोन्ही पॅनल आपापल्या परीनं मोजून घेतील. नाशिकहून चांगले कलाकार येतील, टाळ्या पडतील, रात्री बाराला गाड्या परत जातील. तमाशा, गाण्याच्या पार्ट्या, कीर्तन हे सगळं गावानं आयुष्यभर बघितलंय. चांगला कार्यक्रम बघणं ही आनंदाची गोष्ट आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. फक्त त्यातून तुम्हाला हवंय ते मिळणार नाही, आणि दीड लाखातले बहुतेक पैसे मांडव, स्पीकर आणि येण्या-जाण्यात जातील.

नाद सोडून द्यायचा का? नाही. आत्ता सोडलंत तर गावात उरणार काय? ऑइलची भिंत, आणि "रंग संपला होता" हे वाक्य. ते तुम्हालाही पेलणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर पुढचं काम एस.टी.च्या थांब्यावर केलं असतं. तुमच्या फोटोत ती शेड मागं दिसते, तिन्ही भिंती कोऱ्या आहेत, गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी भरलेल्या. ती कुणाच्या घराची भिंत नाही, कुठल्या देवळाची नाही, कुठल्या पॅनलची नाही. शाळेत जाणारी पोरं, दवाखान्यात निघालेले म्हातारे, कामाला जाणाऱ्या बायका, सगळे तिथं थांबतात. तिच्यावर तुमच्या गावाचं शिवार काढा. नकाशा. पण कागदावरचा तलाठ्याचा नकाशा उतरवू नका. गावाच्या तोंडात असलेला नकाशा काढा.

प्रत्येक वावराला नाव असतं. चिंचेचं वावर, खडकाळ, मसणवटीकडचं, बारव, अमक्या आजीची विहीर. नाले, ओहोळ, पायवाटा, कुठल्या झाडाखाली दुपारची भाकरी सोडतात, कुठल्या बांधावर मोर येतात, पाटाचं पाणी शेवटी कुठं पोचत नाही. ही नावं गोळा करायला लागलात की तुम्हाला एक गोष्ट कळेल. मालकाला त्याचं रान माहीत असतं आणि शेजारचं. पण विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला), खुडणीला गावभर फिरलेल्या बाईला सगळं शिवार माहीत असतं. कुठल्या बागेला पाणी गोड लागतं, कुठं साप निघतो, कुठल्या मळ्यात सावलीला बसू देतात आणि कुठं देत नाहीत. पाटापलीकडच्या म्हाताऱ्यांना धरण-पाट होण्याआधीचे ओहोळ आठवत असतील. बौद्ध वस्तीला गावाच्या सीमा माहीत असतील, कारण दवंडी घेऊन, निरोप घेऊन त्या सीमांपर्यंत त्यांचेच वाडवडील चालले आहेत. हा नकाशा त्यांच्याशिवाय पुरा होऊच शकत नाही. बोहाड्यातल्या सोंगासारखं प्रत्येक वस्तीकडे एक तुकडा आहे, आणि तो दुसऱ्या कुणाकडे नाही.

सुरुवातीला रंग आणूच नका. आधी जमिनीवर काढा. शाळेच्या पटांगणात, रांगोळी, गेरू, विटकरीची भुकटी, ज्वारीची ताटं, दगड, जे हाताशी असेल त्यानं. जमिनीवरचं पुसता येतं, त्यामुळे भांडण झालं तरी हातानं मिटतं. आणि होईल भांडण. एकाच वावराची दोन नावं निघतील. एक नाव कदाचित जातीवरून पडलेलं असेल आणि ते ज्यांच्यावरून पडलं त्यांना ते नको असेल. तिथं घाई करू नका, आणि बहुमतानं तर मुळीच मिटवू नका. ज्यांना ते नाव बोचतं त्यांचा शब्द शेवटचा. नाव बदलून काय ठेवायचं तेही त्यांनीच सांगायचं.

वेळ कुठली? छाटणी झाली की लागोपाठ कामं असतात, म्हणून अख्खा दिवस मागू नका. आपल्याकडे आठवडे बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, हातात पगार असतो, माणसं मोकळी असतात. बाजाराच्या दिवशी दुपारी तीन ते पाच, असे पाच-सहा बाजार धरा. तरीही कुणाचा रोज बुडत असेल तर त्याला रोज द्या. संस्थेच्या पैशातला पहिला खर्च हा असू दे. चित्रकाराला मानधन आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईला फक्त चहा, हे मला पटत नाही. ती जे सांगते त्यालाही किंमत आहे.

आणि गावातला पेंटर? टेम्पोच्या पाठीवर, दुकानाच्या पाटीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अक्षरं काढणारा एक तरी माणूस तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात असणारच. दिवाळीत त्याला बोलावलं होतंत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. नाशिकहून चार जण येऊन त्याच्या गावच्या भिंती रंगवून गेले, याचं त्याला काय वाटलं असेल? नकाशावरची अक्षरं त्याला काढू द्या. त्याचं अक्षर तुमच्या मित्रांच्या डोळ्यांना थोडं भडक वाटेल. वाटू दे.

रंगकामाचं तुम्हाला मी काय सांगणार, तरी एक-दोन गोष्टी. पावसाचा मारा ज्या बाजूनं येतो ती भिंत आधी बघा. खालून ओल चढत असेल तर जमिनीपासून हातभर पट्टी चुन्याची किंवा गेरूची ठेवा, दरवर्षी तेवढीच मारता येते. आणि नकाशात जागा मोकळ्या ठेवा. नवी विहीर, पडलेलं झाड, मागाहून आठवलेलं नाव. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास खरड छाटणी उरकली की एक दिवस बसून भर घालायची.

गाण्यांचंही मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. जरूर करा, पण दुसऱ्या वर्षी. जात्यावरच्या ओव्यांपासून सुरुवात करता येईल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुमच्या गावातल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांकडे त्या आजही असणार, कुणी विचारायचा अवकाश. बौद्ध वस्तीत भीमगीतं आहेत. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले. त्यांची गाणी महाराष्ट्रभर गायली जातात, पण गावठाणातल्या किती पोरांना माहीत आहे की हा शाहीर नाशिकचा? मात्र आदिवासी वस्तीतून डोंगऱ्यादेवाचं काही "आयटम" म्हणून मागू नका. ते व्रत आहे, त्याचे नेम आहेत, ते मार्गशीर्षात त्यांच्या रीतीनं होतं. ते होऊन बोलावतील तेव्हा तुम्ही तिथं जा, जमिनीवर बसा, आणि फोन पिशवीत ठेवा.

सरपंचांना नाही कसं म्हणायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. त्यांना दुखवू नका. ते काही वाईट मागत नाहीत, गावाचं नाव व्हावं असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा, महोत्सव नको, हे करूया, आणि हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तुम्हीच मांडा. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू न देता खरोखर भरवा, आणि वस्तीतल्या बायका तिथं येतील असं बघा. भिंतीवर कुणाचंही नाव नाही, फोटो नाही, "यांच्या सौजन्याने" नाही, हे तिथंच ठरू दे. संस्थेलाही हे आधी कळवा. पसंत नसेल तर त्यांचे पैसे घेऊ नका, एवढ्या कामाला दीड लाख लागतही नाहीत. जे येतील त्याचा हिशोब शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवा. दुसऱ्या पॅनलचा माणूस येऊन वाचेल. त्याच्यासाठीच तो लिहायचा.

इतर गावांतूनही अशी पत्रं येतात. कुणाला पथनाट्य करायचंय, कुणाला वाचनालय, कुणाला गावाचं संग्रहालय. साताऱ्याकडच्या भिलारचं उदाहरण सगळे देतात, २०१७ साली झालेलं पुस्तकांचं गाव. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पुस्तकं गावकऱ्यांच्या घरात ठेवली गेली. माणसांनी राहत्या घरातली खोली दिली, आलेल्या-गेलेल्याला दार उघडलं. तुम्ही जे काही कराल त्यात गावानं नुसतं यायचं आहे की काही सांभाळायचंही आहे, एवढं आधी तपासा. आणि ज्या विषयावर गाव आत्ता धगधगतंय, मजुरीचे दर असोत की पाणी असो, त्यावर पहिल्याच वर्षी पथनाट्य बसवू नका. तो विषय टाळावा असं नाही. पण तुम्ही संध्याकाळी आपापल्या घरी परत जाल आणि त्यात काम केलेली पोरगी दुसऱ्या दिवशी त्याच मालकाच्या बागेत कामाला जाईल. तिची जबाबदारी घ्यायची तयारी झाल्यावर तो विषय घ्या.

ताई, त्या ऑइलच्या भिंतीचं. कुणी केलं याचा शोध घेऊ नका, पोलिसांत तर नकोच. ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे जा आणि विचारा, भिंत तशीच ठेवायची, पांढरी मारायची की दुसरं काही काढायचं. पत्रावरून मला अंदाज येतो की चित्र काढण्याआधी त्यांना नीट विचारलं गेलं नव्हतं. सरपंचांनी "काही हरकत नाही" म्हटलं आणि मुलं शिड्या घेऊन पोचली. ते पांढरी मारा म्हणाले तर स्वतःच्या हातानं मारा.

पाटापलीकडच्या वस्तीत मात्र एकट्या जा. सरपंचांबरोबर नको, शाळेच्या मुलांबरोबर नको, रंगाचे डबे घेऊन तर नकोच. त्या पोराला गाठा आणि सांगा की रंग संपला नव्हता, आम्हाला सुचलंच नाही. हे जड जाईल, तरी सांगा. मग काय हवंय ते विचारा. कदाचित तो म्हणेल भिंत नको, पाटावरच्या पुलाला दिवा हवा. तर दिव्याचा अर्ज लिहून द्यायला बसा. चित्राचं पुढच्या बाजाराला बघता येईल.

एक राहिलं. तुम्ही लिहिता, "मी दोन्ही बाजूंची नाही." तुम्ही नाहीत हे मला पटतं, पण गाव तुम्हाला अमक्यांची सून म्हणूनच बघणार. ते बदलायच्या मागे लागू नका. नावं गोळा करायला जाताना दुसऱ्या तटाच्या घरातली तुमच्यासारखीच एखादी सून बरोबर घ्या. दोघींनी मिळून पहिल्या दिवसापासून, पहिल्या घरापासून जायचं. वह्या दोन, अक्षर दोघींचं. आणि तिच्याकडे निरोप पाठवण्याआधी सासऱ्यांना सांगा. रात्री जेवणं झाल्यावर, ओट्यावर, सरळ शब्दांत. गावात कुणाकडून तरी कानावर येण्यापेक्षा ते तुमच्याच तोंडून कळू दे. त्यांच्या तरुणपणी त्या पाटाच्या जागी काय होतं, हेही त्यांना विचारा. वहीतलं पहिलं नाव तिथूनच मिळेल.